विंगेतले आप्पा

कोकणातलं उत्सवाचं नाटक दोनदा ऐकायला मिळतं. वाक्य आधी विंगेतून येतं आणि मग नटाच्या तोंडून. पुढे सतरंजीवर बसलेली पोरं विंगेतल्या वाक्यालाच हसून घेतात. मागे खुर्च्यांवरची मोठी माणसं नट बोलेपर्यंत थांबण्याची सभ्यता पाळतात. याबद्दल कोणी तक्रार करत नाही. नायक आदल्या रात्री मुंबईहून सुटलेला असतो, तालीम त्याने फोनवर केलेली असते आणि पाठांतर त्याने देवीवर नि प्रॉम्प्टरवर सोडलेलं असतं. देवी गाभाऱ्यात स्वस्थ असते. काम प्रॉम्प्टरलाच करावं लागतं.

गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये अशाच गावच्या नाटकाची फजिती आहे. १९८० पासून मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. आप्पांच्या मते तो माहितीपट आहे.

आप्पा गावोगाव असतात. कुठे त्यांना मास्तर म्हणतात, कुठे नाना. इथे रंगवतोय तो नमुना दापोली तालुक्यातल्या मुरुडचा. मुरुड म्हणजे दुतर्फा घरांचा लांब रस्ता, घरांमागे माडापोफळींच्या वाड्या, वाड्यांपलीकडे समुद्र आणि गावाला धरून ठेवणारं दुर्गादेवीचं देऊळ. आता वाडीवाडीत घरगुती जेवणाच्या आणि एसी खोल्यांच्या पाट्या लागल्यात. आप्पांनीही दोन खोल्या काढल्यात. पर्यटक विचारतो, ‘‘काका, डॉल्फिन किती वाजता दिसतात?’’ आप्पा त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणतात, ‘‘सकाळी. पण तुमचा आवाज बरा आहे हो. नाटकात काम केलंयत कधी?’’

सत्तरी ओलांडलेला किरकोळ देह, विंगेत मावेल एवढाच. डाव्या हातात वही, उजव्यात टॉर्च, गळ्याला मे महिन्यातही मफलर. उत्सवाच्या आधी महिनाभर दही बंद, लोणचं बंद. नायकाचा घसा बसला तर एक भूमिका जाते, आप्पांचा बसला तर नाटक. इतकी वर्षं नाटकात काढून त्यांनी एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही. फाल्गुनरावाशी त्यांची ओळख आहे ती त्याच्या डाव्या कानाची.

विंगेतली ही सवय विंगेबाहेरही सुटत नाही. लग्नात मंगलाष्टकाच्या शेवटच्या चरणावर भटजींनी श्वास घेतला की पुढचा शब्द मांडवाच्या खांबामागून येतो. एसटीत कंडक्टर ‘‘पुढे’’ म्हणाला की ‘‘सरका’’ आप्पा म्हणतात. कुणाच्या घरी समाचाराला गेले आणि रडणाऱ्याला शब्द सुचेनासा झाला, तर हळूच कानाशी ‘‘देवमाणूस होता’’ एवढं पुरवतात. तो लगेच मोठ्याने ‘‘देवमाणूस होता हो!’’ म्हणतो आणि दोघांनाही मोकळं वाटतं. घरात मात्र त्यांचं काही चालत नाही, कारण माई कुठलंही वाक्य अर्ध्यावर सोडत नाहीत.

एकदा महर्षी कर्व्यांच्या जयंतीला बाहेरगावचे वक्ते आले. मुरुडचा धोंडो केशव परीक्षेसाठी डोंगर तुडवत पायी गेला आणि वय लहान दिसतं म्हणून त्याला परत पाठवलं, हा प्रसंग ते रंगवत होते. ‘‘घाट चढून, पाय सुजवून हा मुलगा अखेर पोचला...’’ आणि परिणामासाठी त्यांनी विराम घेतला. नाटकातले विराम आप्पांच्या वहीत लिहिलेले असतात. हा वहीत नव्हता. ‘‘साताऱ्याला,’’ मागून आलं. वक्ते असे गडबडले की साताऱ्याच्या परीक्षेवरून थेट १९५८च्या भारतरत्नावर उतरले, आणि मधलं सगळं स्त्रीशिक्षण राहून गेलं.

आप्पांचं लाडकं नाटक ‘संशयकल्लोळ’. त्याची कुंडली ते कुणालाही, विचारलं नाही तरी, सांगतात. मूळ मोलिएरचं, १६६० सालचं. पुढच्या शतकात आयरिश मर्फीने ते इंग्रजीत नेलं. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३च्या सुमारास ते ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ म्हणून गद्यात आणलं, आणि १९१६ साली पदं घातलेलं ‘संगीत संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर उभं केलं. देवल त्याच वर्षी गेले. पात्रांना त्यांनी नावं दिली महिन्यांची आणि नक्षत्रांची: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती. ‘‘पॅरिसचा संशय देवलांनी पंचांगात बसवला,’’ आप्पा म्हणतात, ‘‘मग तो परका राहील कसा?’’

घोटाळा साधा. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि ती निरखताना तिला फाल्गुनराव बघतो. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलं खरं आणि दोघांनीही काढलेला अर्थ खोटा. तेवढ्यावर पुढचे अंक धावतात.

पण आप्पांचा खरा ठेवा म्हणजे त्यांची वही. निळ्या शाईत नाटक आणि समासात लाल पेन्सिलीने हशे. ‘ल. ह.’ म्हणजे लहान हशा. ‘मो. ह.’ मोठा. ‘ह. टा.’ म्हणजे हशा आणि टाळी. ‘बा. ह.’ हा फक्त बायकांचा हशा, त्याला नटाने थांबावं पण हसू नये. ‘उ. ह.’ म्हणजे उशिरा हशा, मागच्या खुर्च्यांना कळेपर्यंतचा. प्रत्येकापुढे श्वासांचा आकडा. कृत्तिका फाल्गुनरावाला रेवतीसह बघते तिथे ‘मो. ह., पाच श्वास, पोरांना गप्प करून मग पुढे’. नव्या नटाला आप्पा वाक्य कधीच समजावून सांगत नाहीत. ‘‘वाक्य मी देतो. तू फक्त थांबायला शिक. हशा खाल्लास तर पुढचं वाक्य लोक खातात.’’

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. वाड्यांतल्या माडपोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, आप्पांच्या ट्रंकेत पाणी शिरलं. वही उघडली तर शाई फुटून पानं निळीभोर, एक वाक्य लागेल तर शपथ. लाल पेन्सिलीचे हशे मात्र जागच्या जागी होते. वाक्यं आप्पांना पाठच होती. त्यांनी नव्या वहीत आधी हशे उतरवले आणि मग मधल्या मोकळ्या जागांत देवल लिहून काढले.

अशा आप्पांकडे बाळ्या आला. बाळ्या पुतण्याचा मुलगा, पुण्यात जाहिराती आणि वेब मालिकांत कुणाचा तरी असिस्टंट. त्याने ठरवलं होतं की ‘संशयकल्लोळ’चा चित्रपट करायचा, इथेच, गावच्याच नटांना घेऊन.

नाटकांचे चित्रपट आप्पांना अमान्य होते असं नाही. १९६७ सालची ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ मध्ये पडद्यावर आली ती त्यांना आवडली. गाण्याला दाद लागते, आणि दाद घरी जाऊनही देता येते, असं त्यांचं म्हणणं. खाडिलकरांचं १९११चं ‘मानापमान’ २०२५ मध्ये चित्रपट होऊन आलं, ते त्यांनी मुंबईला मुलाकडे असताना पाहिलं. देखणं आहे म्हणाले. अडचण विनोदाची. ‘‘शेजारचा गृहस्थ खदखदून हसला आणि पडद्यावरचा नट बोलतच सुटला. समोर माणूस हसतोय, हे त्याला दिसत नव्हतं का?’’

‘‘आप्पा आजोबा, तो पडद्यावर असतो.’’

‘‘म्हणून काय झालं? लक्ष नको?’’

पटकथेवर दोघे बसले. बाळ्या म्हणाला, काळ आजचा घेऊ, पण मोठा पेच आहे. ‘‘मोबाईल आला की घोटाळाच संपतो. कृत्तिका फोन करणार, ‘तुम्ही आत्ता कुठे आहात?’, आणि पिक्चर खलास.’’

आता जुन्या वळणाचे आप्पा तसबिरीसाठी हटून बसतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. ते उलट खुलले. ‘‘बायकोने ‘कुठे आहात’ विचारलं की संशय संपतो, हे तुला कोणी सांगितलं? तुझं लग्न व्हायचंय अजून. दोन निळ्या खुणा उमटल्यात आणि उत्तर नाही. लोकेशन बंद. रात्री अडीचला ‘लास्ट सीन’. शिंच्या, देवलांना एवढं सामान मिळालं असतं तर त्यांनी आणखी दोन अंक लिहिले असते!’’ तसबिरीच्या जागी रेवतीचा फोन आला, त्याच्या पडद्यावर अश्विनशेठचा हसरा चेहरा. पदांबद्दल विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, ‘‘पदं मागाहून आलेली. काढलीस तर देवल रागावणार नाहीत. मुरुडकर रागावतील.’’ तीन ठेवली.

चित्रीकरणाला सुरुवात होण्याआधीच एक कल्लोळ झाला. पुण्याहून निघालेली दिव्यांची गाडी वेळेवर मुरुडला पोचली, पण रायगडातल्या, जंजिऱ्याच्या मुरुडला. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, ‘‘समोर समुद्रात किल्ला दिसतोय,’’ आणि बाळ्या हर्णैचा सुवर्णदुर्ग समजून निर्धास्त राहिला. दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं खरं, अर्थ खोटा. ‘‘लातूरकडे तिसरं मुरुड आहे,’’ आप्पांनी धीर दिला, ‘‘तिथे समुद्र तरी नाही.’’

पहिला टेक. ओटीवर फाल्गुनराव, दारात कृत्तिका. फाल्गुनरावाचं काम करणारे गृहस्थ सुपारीचे व्यापारी, या भूमिकेत मुरलेले. ‘ॲक्शन’ झालं. ‘‘अगं, हा फोन कुणाचा?’’ खिडकीबाहेरून आलं. ‘‘अगं, हा फोन कुणाचा?’’ फाल्गुनराव म्हणाले.

‘‘कट!’’ साउंडवाल्या मुलाने हेडफोन काढला. ‘‘सर, एको येतोय. पण आधी येतोय.’’

आप्पांना परसात नेऊन बसवलं. तिथूनही आलं. वाडीच्या टोकाला नेलं. शेवटी पुळणीवर. मुलगा म्हणाला, ‘‘सर, लाटांच्या आवाजात कुणीतरी फोन कुणाचा ते विचारतंय.’’ मग त्यांना थेट हर्णै बंदरावर लिलाव बघायला पाठवलं. आवाज स्वच्छ झाला आणि नाटक बंद पडलं. फाल्गुनराव जागेवर उभे, डावा कान किंचित पुढे, तोंड मिटलेलं. वाक्य पाठ होतं. पण कानात पडल्याशिवाय ते तोंडातून काढणं त्यांना चोरीचं वाटत होतं.

बाळ्या हुशार. त्याने फाल्गुनरावांच्या कानात बारीक इअरफोन बसवला, आप्पांना हर्णैहून परत आणून देवळाच्या पायरीवर फोन देऊन बसवलं. हे जमलं. कानात आप्पा, समोर कॅमेरा, मध्ये शांतता. तेवढ्यात रेंज गेली. फाल्गुनरावांच्या कानात एक बाई बोलू लागली. कानात येईल ते बोलायचं, हा आयुष्याचा धडा. कृत्तिकेकडे संशयाने रोखून बघत ते कडाडले, ‘‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या उपलब्ध नाही!’’ प्रसंगात ते इतकं फिट्ट बसलं की बाळ्याने तोच टेक ठेवला. वहीत मात्र आप्पांनी ते लिहून घेतलं नाही. ‘‘देवलांचं नाही ते.’’

पुढचा पेच थांबण्याचा. एक वाक्य झालं की सगळे नट पुतळे. कॅमेरा चालू, क्षण जाताहेत, माशी फाल्गुनरावांच्या नाकावर बसून उठली.

‘‘कट! काय झालं?’’

‘‘मो. ह. आहे इथे,’’ फाल्गुनराव म्हणाले. ‘‘आप्पा कानात श्वास मोजताहेत.’’

बाळ्याने फोन घेतला. ‘‘आप्पा आजोबा, कोण हसतंय?’’

‘‘आत्ता कोणी नाही. हसतील ना. त्यांच्यासाठी जागा नको ठेवायला?’’

रात्री जेवताना बाळ्याने त्यांना मार्क्स बंधूंची गोष्ट सांगितली. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा त्यांचा चित्रपट १९३५चा. चित्रीकरणाआधी त्यातले प्रसंग घेऊन ते अमेरिकेत नाटकासारखे गावोगाव फिरले. लोक कुठे हसतात, किती वेळ हसतात ते मोजलं आणि मग तसं चित्रित केलं. आप्पांचा सोलकढीचा पेला अर्ध्यावर थांबला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘‘वही कोणाकडे होती?’’

पण बाळ्याला तेवढं फिरायला पैसे नव्हते, आणि त्याचा हिशेब वेगळा होता. आजचा प्रेक्षक फोनवर एकटा बघतो. एकटा माणूस पाच श्वास हसत नाही. तो नाकातून एकदा हवा सोडतो आणि अंगठ्याने पुढे सरकवतो. पुण्याला जाऊन त्याने एडिटिंगमध्ये सगळे विराम काढून टाकले. चित्रपट दीड तासाचा झाला. घट्ट, चपळ, कुठे फट नाही. इतर असिस्टंट मंडळींना फार आवडला.

पहिला खेळ अर्थातच उत्सवात, देवळासमोर, पांढऱ्या पडद्यावर. मुंबईची माणसं आलेली, पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्या. आप्पांना मानाने पहिल्या खुर्चीत बसवलं. जन्मात प्रथमच ते नाटकाच्या समोर होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. टॉर्च सवयीने आणला होता, तो मांडीवर चाळवत राहिले.

रेवतीला घेरी आली, फाल्गुनरावांनी सावरलं, माडीवरून कृत्तिकेने पाहिलं, आणि मुरुड फुटलं. सुपारीचा व्यापारी परक्या बाईला धरून उभा आहे, आणि कृत्तिका म्हणून माडीवर आपल्याच शाळेतल्या बाई, यात देवलांच्या पलीकडचंही हसू होतं. हशा वाढत गेला, टाळी पडली, एक म्हातारी ठसका लागून वाकली. तोवर पडद्यावर कृत्तिका जिना उतरून आली, फोन उचलून झाला, पाच-सहा वाक्यं बोलून झाली. एकही कुणाला ऐकू आलं नाही.

‘‘काय म्हणाली?’’ खुर्च्यांतून आवाज. ‘‘फोन कुणाचा? काय म्हणाली ती?’’

आप्पांना राहवलं नाही. उठून त्यांनी गेलेली वाक्यं दिली, कृत्तिकेची कृत्तिकेच्या आवाजात, फाल्गुनरावाची त्याच्या. त्यावर दुसरा हशा झाला, आणि त्यात पडद्यावरची आणखी चार वाक्यं गेली. ती दिली. आता पडदा पुढे आणि आप्पा मागे, अशी शर्यत लागली. ‘‘आप्पा, जरा मोठ्याने!’’ मागून फर्माईश आली. आयुष्यभर ‘‘आप्पा, जरा हळू’’ ऐकलेल्या माणसाला हे सोसेना. त्यांचा आवाज चिरकला.

तेव्हा बाळ्या उठला, लॅपटॉपचं टेबल उचलून त्याने आप्पांच्या पुढ्यात आणून ठेवलं. ‘‘हे लांब बटण. एकदा दाबलं की थांबतं, परत दाबलं की चालतं.’’ आप्पांनी झोळीतून वही काढली, टॉर्च लावला आणि चष्मा पुसला. पुढच्या मो. ह.ला फाल्गुनराव तोंड उघडं ठेवून हवेत थांबले. गाव मनसोक्त हसलं. पाच श्वास झाले, पोरं गप्प झाली, आप्पांनी बटण दाबलं. बा. ह.ला एक पुरुष हसला, तर त्याच्याकडे टॉर्च गेला. उ. ह.ला मागच्या खुर्च्यांची वाट बघितली. फोनमधली ती अनोळखी बाई फाल्गुनरावांच्या तोंडून बोलली तेव्हा वहीत काही नव्हतं, आणि छप्पर उडेल असा हशा झाला. आप्पांनी झटकन बटण दाबलं, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि समासात खूण केली. दीड तासाचा चित्रपट सव्वादोन तास चालला. एक वाक्य वाया गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ्या ओटीवर बसून कुठल्याशा चित्रपट महोत्सवाचा अर्ज भरत होता. नाव झालं, भाषा झाली, आणि एका रकान्याशी अडला.

‘‘आप्पा आजोबा, लांबी काय लिहू? दीड तास की सव्वादोन?’’

आप्पा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. ‘‘आधी विचार त्यांना,’’ ते म्हणाले, ‘‘बघायला कोण कोण येणार आहे.’’